रस्त्यावर घोडा दिसला तर? : तीन मेंदूंचा धडा



रस्ता सुरक्षा सप्ताह आला की आपण शाळेत काय काय घेतो? लाल दिवा, हिरवा दिवा, झेब्रा क्रॉसिंग, हेल्मेट, सीटबेल्ट. चित्रं काढून घेतो, घोषवाक्यं लिहून घेतो, प्रभातफेरी काढतो. हे सगळं हवंच. पण या यादीतून एक गोष्ट बहुतेक वेळा सुटते. रस्त्यावर फक्त गाड्या आणि माणसं नसतात, जनावरंही असतात. आणि जनावराला सिग्नल कळत नाही, हॉर्नचा अर्थ कळत नाही, "बाजूला हो" हेही कळत नाही.

मग ते कोणाला कळायला हवं? अर्थातच गाडी चालवणाऱ्याला.

आज आपण हा विषय घोड्याच्या उदाहरणातून समजून घेऊ. उदाहरण ब्रिटनमधलं आहे, कारण तिथे साध्या गावच्या रस्त्यावर घोड्यावर बसलेली माणसं, त्यातही शाळकरी मुलं, आजही रोज दिसतात. घोड्याजवळून गाडी कशी न्यावी याचे नियम तिथे अगदी सविस्तर लिहून ठेवलेले आहेत. प्रत्येक नियमामागे एक कारण आहे आणि ते कारण मुलांना समजावता येतं. शेवटी आपण आपल्या रस्त्यावर येऊच.

ब्रिटनमध्ये घोडे रस्त्यावर येतातच कशाला?

हा प्रश्न मुलं पहिल्यांदा विचारतील. मोठी माणसंही विचारतात. "घोडा मैदानात न्यावा, रस्त्यावर कशाला?"

उत्तर असं आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये शेतांमधून, रानांमधून जाणाऱ्या जुन्या सार्वजनिक वाटा आहेत. त्यातल्या काही फक्त पायी जाणाऱ्यांसाठी आहेत, तर काही वाटांवर घोडेस्वारांनाही हक्क आहे. अशा वाटेला तिथे 'ब्रायडलवे' म्हणतात. पण सगळ्या वाटा धरल्या तर घोडेस्वारांना त्यातल्या जेमतेम २२ टक्केच वापरता येतात. शिवाय या वाटा सलग नाहीत. एक वाट संपते, पुढची वाट एक-दीड किलोमीटरवर सुरू होते, आणि मधला तुकडा डांबरी रस्त्याचा असतो. तबेल्यातून निघून पहिल्या वाटेपर्यंत पोहोचायचं तरी रस्ताच.

म्हणजे घोडेस्वार हौसेने रस्ता अडवायला येत नाही. त्याला दुसरा मार्ग नसतो. आणि कायद्याने त्याचा रस्त्यावर तेवढाच हक्क आहे जेवढा मोटारवाल्याचा.

आता अडचण बघा. हे गावाकडचे रस्ते अरुंद असतात, दोन्ही बाजूंना उंच झुडपांची कुंपणं, वळणावळणाचे. आणि वेगळी पाटी नसेल तर अशा एकेरी रस्त्यावर मोटारीला कमाल वेगमर्यादा आहे ताशी ६० मैल, म्हणजे सुमारे ९६ किलोमीटर! वळणापलीकडे घोडा चालतोय ताशी ६ किलोमीटरने, आणि अलीकडून गाडी येतेय ९६ ने. धोका नेमका इथे आहे.

ब्रिटिश हॉर्स सोसायटी ही १९४७ साली स्थापन झालेली संस्था अशा घटनांची नोंद ठेवते. २०२३ या एका वर्षात तिच्याकडे ३,००० हून जास्त घटना नोंदवल्या गेल्या. त्यात घोडे मेले, जखमी झाले, माणसंही जखमी झाली. आणि तक्रारीचं मुख्य कारण काय? गाडी फार जवळून गेली किंवा फार वेगात गेली. बस्स, एवढंच. दारू नाही, ब्रेक निकामी नाही. जवळून आणि वेगात.

घोडा बुजतो का?

आपल्या भाषेत एक नेमका शब्द आहे, 'बुजणे'. बैल बुजतो, घोडा बुजतो. घाबरून एकदम अंग चोरतो, बाजूला उडी मारतो किंवा चौखूर उधळतो. मुलांना हा शब्द जरूर शिकवा, कारण त्यात अर्धा धडा आला.

घोडा हा गवत खाणारा प्राणी. मोकळ्या माळावर शिकारी प्राण्यांपासून जीव वाचवत त्याच्या हजारो पिढ्या जगल्या. त्याच्याकडे शिंगं नाहीत, नख्या नाहीत. त्याचं एकच हत्यार, पळणं. काहीतरी अनोळखी दिसलं किंवा ऐकू आलं की 'आधी पळा, मग बघा' हा त्याचा स्वभाव आहे. जो थांबून विचार करत बसला तो घोडा वाघाच्या तोंडी गेला, जो पळाला तो वाचला. आज तबेल्यात वाढलेल्या शिकवलेल्या घोड्यातही तो स्वभाव शिल्लक आहे. चांगल्या प्रशिक्षणाने तो कमी होतो, पुरता जात नाही.

आता त्याची ज्ञानेंद्रियं बघू.

डोळे : घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळे त्याला जवळजवळ ३५० अंशांतलं दिसतं. आपल्याला साधारण १८० ते २०० अंशांतलं दिसतं. मग गाडी दिसायला अडचण काय? अडचण अशी की अगदी शेपटीमागची एक पट्टी त्याला दिसत नाही. मागून सरळ येणारी गाडी त्या आंधळ्या पट्टीतून येते आणि एकदम एका डोळ्याच्या कडेला उगवते. आपल्या मागून कुणी गुपचूप येऊन "भॉक" केलं तर आपण दचकतो ना? तसंच.

कान : माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, घोड्याला सुमारे ३३,००० हर्ट्झपर्यंतचे. म्हणजे आपल्याला न ऐकू येणारी किरकिरही त्याला ऐकू येते. ट्रकच्या एअर ब्रेकचा 'फुस्स' आवाज, ट्रॉलीच्या साखळ्यांचा खडखडाट, फडफडणारी ताडपत्री हे सगळं त्याच्यासाठी धोक्याची घंटा असू शकतं. उलट सायकल आणि इलेक्ट्रिक गाडी जवळजवळ आवाज न करता येतात, मग तीही अचानक दिसल्यामुळे घोडा दचकतो.

अंधार-उजेड : अंधुक प्रकाशात घोड्याला आपल्यापेक्षा बरं दिसतं. पण अंधारातून एकदम उजेडात, किंवा उलट, डोळे जुळवून घ्यायला त्याला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. संध्याकाळी अचानक हेडलाइट अंगावर आले की काही क्षण त्याला काही उमजत नाही.

आणि असा प्राणी बुजला तर? स्वारीच्या घोड्याचं वजन साधारण ४०० ते ६०० किलो. पाय उंच, धड मोटारीच्या बॉनेटच्या वर. गाडीची धडक पायांना बसली की ते सगळं वजन थेट समोरच्या काचेवर येऊ शकतं. म्हणजे जीव घोड्याचा जातो, स्वाराचा जातो, आणि गाडीतल्याचाही जाऊ शकतो.

तीन मेंदू

ब्रिटनमध्ये रस्त्याच्या नियमांचं एक पुस्तक आहे, 'हायवे कोड'. ते पहिल्यांदा १९३१ मध्ये निघालं. त्यातला २१५ क्रमांकाचा नियम घोड्यांबद्दल आहे. त्यात एक फार सुंदर कल्पना मांडलेली आहे. गाडी घोड्याजवळून जाते तेव्हा तिथे तीन मेंदू काम करत असतात : चालकाचा, स्वाराचा आणि घोड्याचा.

वर्गात हे वाक्य फळ्यावर लिहा आणि विचारा, "या तिघांपैकी सगळ्यात कमी अंदाज कोणाचा करता येतो?" मुलं सांगतील, घोड्याचा. "आणि हातात सगळ्यात जास्त ताकद कोणाच्या?" चालकाच्या. "मग सगळ्यात जास्त जबाबदारी कोणाची?" बघा, उत्तर मुलंच देतील.

२९ जानेवारी २०२२ पासून इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये हायवे कोडमध्ये हेच तत्त्व स्पष्टपणे लिहिलं गेलं. ज्याच्या वाहनामुळे जास्त इजा होऊ शकते, त्याच्यावर इतरांचा धोका कमी करण्याची जास्त जबाबदारी. मोठ्या ट्रकवर सगळ्यात जास्त, मग मोटारीवर, मग मोटारसायकलवर. सायकलवाला आणि घोडेस्वार यांच्यावरही जबाबदारी आहेच, पायी चालणाऱ्याची. त्यातही लहान मुलं, म्हातारी माणसं आणि अपंग व्यक्तींना सगळ्यात जास्त जपायचं.

आपल्याकडे अनेकदा उलटी समजूत असते. मोठी गाडी म्हणजे मोठा मान, लहानाने बाजूला व्हायचं. मुलांच्या मनात ही समजूत बसण्याआधीच हा धडा घ्यायला हवा.

चालकाने नेमकं काय करायचं?

त्याच वर्षी घोड्यांच्या नियमात पक्के आकडेही आले. 'हळू जा' असं मोघम सांगितलं की प्रत्येकाचं 'हळू' वेगळं असतं. म्हणून आकडे हवेतच. मुलांना पाठ होतील असे टप्पे करून देतो :

१. घोडा दिसला की वेग कमी करा. कमाल ताशी १० मैल, म्हणजे सुमारे १६ किलोमीटर.

२. हॉर्न वाजवू नका. एक्सिलरेटर उगाच पिळू नका. घाई करणारा आवाज म्हणजे घोड्याला बुजवणारा आवाज.

३. मागे थांबा. समोरून गाडी येत असेल, वळण असेल, तर पुढे घुसू नका.

४. जागा मिळाली की घोड्यापासून किमान २ मीटर अंतर सोडून, हळूच पुढे जा.

५. पुढे गेल्यावर लगेच वेग वाढवू नका. थोडं अंतर गेल्यावर मगच.

६. स्वाराचा हात बघा. तळहात खाली करून हात वर-खाली केला तर 'हळू'. तळहात समोर धरला तर 'थांबा'. तो सांगतोय ते ऐका, कारण घोड्याच्या मनात काय चाललंय हे त्याला तुमच्यापेक्षा आधी कळतं.

पाचवा टप्पा बरेच जण विसरतात. शेजारून अलगद जातात आणि पुढे जाताच जोरात एक्सिलरेटर दाबतात. घोडा बुजतो तो नेमका तेव्हा, आणि चालकाला आरशातही दिसत नाही की मागे काय झालं.

दोनच मीटर का? घोडा बुजला की नुसता पुढे पळत नाही, बाजूला सरकतो. त्याचं मागचं अंग रस्त्याच्या मध्यभागाकडे फिरतं. ते फिरायला जागा मिळावी म्हणून हे अंतर. ते किमान आहे, जास्त सोडलं तर उत्तमच.

कधीकधी दोन घोडे शेजारी-शेजारी चाललेले दिसतात. "रस्ता अडवलाय" असं वाटून चालकाला राग येतो. पण बहुतेक वेळा बाहेरच्या बाजूला अनुभवी स्वार असतो आणि आतल्या बाजूला नवशिका घोडा किंवा लहान मूल. मोठं माणूस मुलाचा हात धरून रस्त्याच्या बाजूने स्वतः चालतं, तसंच हे. नियमांतही याची मुभा आहे.

आणखी एक. हळू गेल्याबद्दल स्वाराने हात हलवून आभार मानले नाहीत तर वाईट वाटून घेऊ नका. दोन्ही हात लगामावर ठेवणं त्या वेळी जास्त गरजेचं असू शकतं. तो मान हलवेल, हसेल. तेच त्याचं 'थँक्यू'.

आता थोडं गणित

हा भाग नववीच्या 'गतीचे नियम' आणि 'कार्य आणि ऊर्जा' या पाठांना छान जोडता येतो.

हायवे कोडमध्ये गाडी थांबायला किती अंतर लागतं याचा तक्ता आहे. दोन भाग असतात. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत गाडी जितकी पुढे जाते ते 'विचार-अंतर', आणि ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं 'ब्रेक-अंतर'.

- ताशी ३२ किमी : ६ मीटर + ६ मीटर = १२ मीटर
- ताशी ४८ किमी : ९ मीटर + १४ मीटर = २३ मीटर
- ताशी ६४ किमी : १२ मीटर + २४ मीटर = ३६ मीटर
- ताशी ९६ किमी : १८ मीटर + ५५ मीटर = ७३ मीटर

त्याच हिशोबाने ताशी १६ किलोमीटरला सुमारे साडेचार मीटर पुरतात.

मुलांना विचारा : ४८ चे ९६ झाले, म्हणजे वेग दुप्पट. विचार-अंतरही दुप्पट झालं, ९ चे १८. मग ब्रेक-अंतर १४ चं ५५, म्हणजे जवळजवळ चौपट का झालं? कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सूत्र मुलांना पाठ असतंच, इथे त्यांना ते रस्त्यावर पडलेलं दिसतं. ताशी ४८ ने जाणाऱ्या गाडीची ऊर्जा ताशी १६ च्या गाडीच्या ९ पट असते, आणि ९६ ने जाणाऱ्या गाडीची ३६ पट!

आणि दुसरा हिशोब, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. घोड्याजवळचं १०० मीटर अंतर ताशी ४८ ने पार करायला साडेसात सेकंद लागतात. ताशी १६ ने साडेबावीस सेकंद. फरक किती? १५ सेकंद.

म्हणजे एक घोडा, एक स्वार आणि स्वतःचा जीव धोक्यात घालून चालक जे वाचवतो ते १५ सेकंद. मुलांना एकदा डोळे मिटून १५ सेकंद मोजायला लावा. ती स्वतःच म्हणतील, "एवढेच?"

घोडेस्वाराची जबाबदारी

एकाच बाजूला सगळं ओझं टाकणं बरोबर नाही. टाळी एका हाताने वाजत नाही. हायवे कोड घोडेस्वारालाही शिस्त लावतो.

- १४ वर्षांखालच्या मुलांनी रस्त्यावर घोड्यावर बसताना हेल्मेट घातलंच पाहिजे, तसा कायदाच आहे. मोठ्यांनीही घालावं असं सांगितलंय.
- दिवसा उठून दिसणारे चमकदार कपडे. रात्री शक्यतो रस्त्यावर जाऊच नये, आणि जावं लागलंच तर प्रकाश परावर्तित करणारे पट्टे आणि दिवा, पुढून पांढरा, मागून लाल.
- खोगीर आणि लगाम दोन्हीशिवाय स्वारी नाही. पाय रिकिबीत, हात लगामावर.
- रस्त्याच्या डाव्या बाजूने, वाहतुकीच्या दिशेने चालायचं. तिथेही आपल्यासारखीच डावी बाजू.
- दोनपेक्षा जास्त घोडे शेजारी-शेजारी नाहीत. अरुंद किंवा गर्दीच्या रस्त्यावर आणि वळणावर एकामागे एक.
- फुटपाथवर घोडा न्यायचा नाही. गोल चौक शक्यतो टाळायचा.

चमकदार कपड्यांचा फायदाही आकड्यांत सांगा. ताशी ४८ ने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे १३ मीटर पुढे जाते. चालकाला स्वार नुसता ३ सेकंद आधी दिसला, तरी हातात जवळजवळ ४० मीटर जास्त मिळाले. एका साध्या जाकिटाची ही किंमत.

कायदा काय म्हणतो?

हायवे कोडमध्ये दोन प्रकारची वाक्यं आहेत. काही 'केलंच पाहिजे' अशी, त्यांच्यामागे थेट कायदा असतो आणि मोडली तर तो गुन्हा. काही 'करावं' अशी. घोड्यांसाठीचे १० मैल आणि २ मीटर हे दुसऱ्या प्रकारात येतात. मग ते मोडले तर चालतं का? नाही. अपघात झाला, प्रकरण कोर्टात गेलं, तर चालकाने हा सल्ला पाळला नाही हे त्याच्याविरुद्ध मांडता येतं. एका काळजीवाहू, जाणत्या चालकाकडून जी अपेक्षा असते तिच्यापेक्षा खूपच खालच्या दर्जाचं वाहन चालवणं म्हणजे तिथे 'धोकादायक वाहन चालवणं'. अशा चालवण्याने माणसाचा मृत्यू झाला तर २८ जून २०२२ पासून जास्तीत जास्त शिक्षा जन्मठेपेपर्यंत वाढवली आहे.

शिवाय घोडा, गुरं, गाढव, खेचर, मेंढी, डुक्कर, बकरी किंवा कुत्रा यांना गाडीमुळे इजा झाली तर चालकाने थांबणं तिथे कायद्याने बंधनकारक आहे. या यादीत मांजर नाही! मुलांना हे ऐकून गंमतही वाटते आणि रागही येतो. "मग मांजराचं काय?" यावर वर्गात छान चर्चा होते.

पण शिक्षा ही अपघातानंतरची गोष्ट. वरातीमागून घोडं. आपल्याला हवाय तो अपघाताआधीचा शहाणपणा, आणि तो शाळेत आणि घरातच येतो.

आणि आपल्या रस्त्यावर?

"सर, आपल्याकडे कुठे घोडेस्वार आहेत?" असं कुणी विचारेल. जरा आठवून बघा.

हिवाळ्यात ऊसतोडीच्या हंगामात पश्चिम महाराष्ट्रात कारखान्याकडे जाणाऱ्या बैलगाड्यांची रांग. मेंढरांचा कळप घेऊन मुक्काम बदलणारे धनगर बांधव, सोबत संसार लादलेली घोडी. लग्नाच्या वरातीतला नवरदेवाचा घोडा, एका बाजूला बँड, दुसऱ्या बाजूला फटाके आणि मागे हॉर्न वाजवणारी बस. महाबळेश्वरला घोड्यावर बसून फोटो काढणारी आपलीच मुलं. संध्याकाळी रानातून परतणाऱ्या गाई-म्हशी. बैल असो, मेंढी असो की घोडा, सगळे गवत खाणारे, सगळे बुजणारे. १६ किलोमीटर आणि २ मीटर हे आकडे ब्रिटनचे असले, तरी बुजण्याला देश नसतो.

आणि आपल्या कायद्यातही याची तरतूद आहे, फारच थोड्यांना माहीत असलेली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १३२ काढून बघा. जनावर सांभाळणाऱ्या माणसाला वाटलं की गाडीमुळे आपलं जनावर बिथरेल, आणि त्याने चालकाला थांबायला सांगितलं, तर चालकाने गाडी थांबवायची आहे. त्याच कलमात 'जनावर' म्हणजे कोण हेही सांगितलंय : घोडा, गुरं, हत्ती, उंट, गाढव, खेचर, मेंढी, बकरी. ब्रिटनच्या यादीशी तुलना करायला लावा. आपल्या यादीत हत्ती आणि उंट का आले? मुलांना कायद्यातून आपला देश दिसेल.

म्हणजे रस्त्यात हात वर करून "थांबा जरा" म्हणणारा मेंढपाळ किंवा गाडीवान आपल्यावर उपकार मागत नसतो. तो कायद्याने दिलेला हक्क वापरत असतो. धोकादायक वाहन चालवण्याबद्दल याच कायद्याचं कलम १८४ आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला ६ महिने ते १ वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

वर्गात घेता येतील असे उपक्रम

१. दोन मीटरची दोरी : मैदानावर एका मुलाला 'घोडा' करा. त्याच्यापासून २ मीटर दोरीने मोजा आणि बाकीच्यांना त्या अंतरावरून चालायला लावा. मग अर्ध्या मीटरवरून पळायला लावा. 'घोड्या'ला काय वाटलं ते त्यालाच सांगू द्या.

२. ७३ मीटर चालू या : मैदानावर १२, २३, ३६ आणि ७३ मीटरवर खुणा करा. मैदान लहान असेल तर फेऱ्या मारून मोजा. ताशी ९६ ची गाडी थांबायला किती जागा लागते हे पायांना कळतं तेव्हा डोक्यातही राहतं.

३. तीन मेंदू : तीन मुलं उभी करा. एक चालक, एक स्वार, एक घोडा. एकच प्रसंग तिघांनी आपापल्या तोंडून सांगायचा. घोड्याने "मला मागून काहीतरी आलं, दिसलं नाही" असं सांगितलं की सगळा वर्ग गप्प होतो.

४. निबंध : 'मी रस्त्यावरचा घोडा बोलतोय' किंवा 'मी उसाच्या गाडीचा बैल बोलतोय'. आत्मवृत्त हा प्रकार परीक्षेत येतोच, आणि या विषयावर पाठ केलेला निबंध कुठे मिळणार नाही. मुलांना स्वतःच लिहावं लागेल.

५. सायकलवाल्यांसाठी : आपली मुलं सायकलने शाळेत येतात. जनावराच्या मागून येताना थोडं लांबूनच "येतोय हो!" अशी हाक द्यायची, घंटी कर्कश वाजवायची नाही, आणि लांबून जायचं. हा नियम आजपासूनच पाळता येतो, त्यासाठी लायसन्स लागत नाही.

पालकांसाठी दोन शब्द

मूल गाडी चालवायला अठराव्या वर्षी शिकत नाही. ते मागच्या सीटवर बसून, स्कूटरवर पुढे उभं राहून कितीतरी आधीपासून शिकत असतं. समोर बैलगाडी आली की बाबा काय करतात? हॉर्नवर हात ठेवून "काय रस्ता अडवलाय" म्हणतात, की ब्रेकवर पाय ठेवून "थांबू या, बैल बुजेल" म्हणतात? मुलासाठी रस्ता सुरक्षेचा खरा पाठ तोच. आमचा पाठ त्यानंतरचा.

पुढच्या वेळी असं जनावर समोर आलं की मुलालाच कामाला लावा. "मोज बरं, आपल्याला किती सेकंद थांबावं लागलं?" ते मोजेल. आकडा फार मोठा येणार नाही. पण त्या काही सेकंदांत आपलं मूल वेगाला नव्हे, जिवाला मान द्यायला शिकलेलं असेल.

आपल्या शाळेत हे उपक्रम घेतलेत तर मुलांची आत्मवृत्तं वर्गाच्या भिंतीवर जरूर लावा. पालकसभेच्या दिवशी ती पालकांच्या नजरेला पडतील अशीच लावा.